चाकणमधली वर्षाची अप्रेंटिसशिप: तीन महिने सॉर्टिंगवर गेले, उरलेल्या नऊ महिन्यांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकलची पदवी झालेला, सांगलीकडचा मुलगा. चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात पदवीधर अप्रेंटिस म्हणून वर्षभरासाठी लागला आहे. पहिले तीन महिने त्याला फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर शाफ्ट (गोल दांडे) सॉर्ट करायला, म्हणजे चांगले-खराब वेगळे करायला बसवलं. संध्याकाळी एक्सेलमध्ये आकडे भरायचे, मशीनला हात लावायचा नाही. तो विचारतो, "यात इंजिनिअरिंग कुठे आहे? राहू की सोडू?"

आधी उत्तर देतो, मग कारणं सांगतो. सोडू नका. पण आज जसे बसलाय तसेच नऊ महिने बसूही नका.

तुमची खरी अडचण कंटाळवाणं काम ही नाही. तुम्हाला अशा जागी बसवलंय जिथे परिणाम दिसतो पण कारण दिसत नाही. डेंट पडलेला शाफ्ट हातात येतो, तो कुठे पडला ते कळत नाही. व्यास मोठा निघतो, पण कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) किती जॉब (पार्ट) चालल्यावर, हे टेबलावरून समजत नाही. इंजिनिअरिंग आहे ते या दोन टोकांच्या मधे. कंपनी तुम्हाला तिकडे का पाठवत नाही, तेही समजून घ्या. तुम्ही वर्षभराचे पाहुणे आहात. चांगला सेटर (मशीन मापाला लावून देणारा) तयार व्हायला एवढा काळ तर लागतोच, सॉर्टिंग मात्र दोन दिवसांत जमतं. सुपरवायझर हा हिशेब करतो, त्यात दुष्टावा नसतो. तुमच्या बाजूचा हिशेब मात्र तुम्हालाच करावा लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. कारखाना मोठा असेल तर कागदपत्रं आणि पद्धती चांगल्या शिकायला मिळतात, पण प्रत्येक विभागाला कुंपण असतं. पन्नास-साठ माणसांच्या छोट्या शॉपमध्ये कुंपण नसतं, पण शिकवायला कोणाला फुरसत नसते. तुम्हाला डिझाइनमध्ये जायचं असेल तर या वर्षाचा उपयोग वेगळा, क्वालिटी किंवा प्रॉडक्शनमध्ये जायचं असेल तर वेगळा. स्टायपेंडमधून कॉट बेसिसची खोली आणि मेसचं भागत नसेल आणि घरून मदत शक्य नसेल, तर पुढचा सगळा सल्ला त्यानंतरचा. पोट आधी.

आता कराराबद्दल, कारण बरीच मुलं तो न वाचताच सही करतात. तुमची अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. पदवी आणि डिप्लोमावाल्यांना त्या कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने आणलं. आपल्या भागासाठी पश्चिम विभागाचं प्रशिक्षण मंडळ मुंबईत सायनला आहे, सगळे त्याला 'बोट' (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) म्हणतात. तुमचा करार नॅट्सच्या (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या) पोर्टलवर नोंदवलेला आहे ना, हे स्वतःच्या लॉगिनने आजच पाहा. नोंदणी नसेल तर वर्ष संपल्यावर मंडळाचं प्रमाणपत्र मिळणार नाही आणि तुमचं वर्ष नुसतंच 'ट्रेनी' म्हणून जाईल. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० आणि डिप्लोमाचा ८,००० ठरवला होता. तुमच्या करारावर आज कोणता आकडा आहे आणि खात्यात किती जमा होतात, दोन्ही ताडून पाहा. कायद्याने तुम्ही शिकाऊ आहात, कामगार नाही. म्हणून अप्रेंटिस सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुम्हाला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. पण सुरक्षेचे नियम कामगाराइतकेच तुम्हालाही लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे. वर्षानंतर कायम नोकरी देण्याची सक्ती कंपनीवर नाही. त्याबाबतचं धोरण प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. ते काय आहे हे एचआरला आत्ताच विचारा, अकराव्या महिन्यात विचारून उपयोग नसतो.

आता कामाकडे येऊ. तुम्ही ज्या टेबलाला कंटाळलात तिथून सुरुवात करा, कारण अख्ख्या लाइनचा माल त्या टेबलावर येतो. एक लांब वही घ्या, खिशात मावेल अशी. प्रत्येक रिजेक्ट जॉबला एक ओळ: तारीख, शिफ्ट, पार्ट नंबर, मशीन नंबर, किती वाजता सापडला, दोष काय, जॉबवर नेमका कुठे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'डेंट' एवढंच लिहून काही हाती लागत नाही. 'ऑइल सील बसतो त्या व्यासावर, टोकापासून साधारण ४० मिमी, चंद्रकोरीसारखा' असं लिहिलंत तर दोष कुठून आला याचं अर्धं उत्तर मिळालं. एक्सेलमध्ये भरता त्या आकड्यांत नेमका हाच रकाना नसतो.

चार आठवडे लिहा, मग बेरीज करा. समजा १४,००० जॉब तपासले आणि ४१२ रिजेक्ट निघाले. म्हणजे २.९ टक्के, किंवा ग्राहकाच्या भाषेत दहा लाखांत सुमारे २९,४००. त्यातले २३६ डेंटचे, ७१ व्यासाचे, ४८ चॅम्फर (कडेचा तिरका काप) राहिलेले, ३९ टूल मार्कचे, १८ किरकोळ. मोठ्यापासून छोट्यापर्यंत उभे खांब काढले की झाला पॅरेटो. कॉलेजात हे चित्र सगळे काढतात. इथे ते तुमच्या हातून गेलेल्या मालाचं आहे, म्हणून मीटिंगमध्ये त्याला वजन येतं. एकटे डेंटच ५७ टक्के आहेत, हे कदाचित प्रॉडक्शन मॅनेजरनेही असं मांडून पाहिलेलं नसतं.

कुठला दोष धरायचा याबद्दल माझं मत ठाम आहे. अप्रेंटिसने डेंट धरावा, व्यास नाही. व्यासाचा प्रश्न सोडवायला स्पीड, फीड, इन्सर्टचा ग्रेड असं काहीतरी बदलावं लागतं. हे आकडे कंट्रोल प्लॅनमध्ये (प्रत्येक ऑपरेशनला काय आणि कसं सांभाळायचं याच्या कागदात) लिहिलेले असतात आणि कधीकधी ते बदलायला ग्राहकाचीही मंजुरी लागते. तेवढा अधिकार तुमच्याकडे नाही, कागद फिरत राहील आणि वर्ष संपेल. डेंट पडतो तो माल हाताळताना. तिथे सुधारणा करायला प्रोसेसला हात लावावा लागत नाही.

शोधायची पद्धत साधी आहे. एकाच बॅचचे ५० जॉब चार ठिकाणी तपासा: मशीनमधून निघाल्यावर लगेच, डीबरिंगनंतर (कडेची धार काढल्यावर), वॉशिंगनंतर, आणि तुमच्या टेबलावर क्रेट आल्यावर. ज्या दोन ठिकाणांच्या मधे आकडा उडी मारतो तिथे जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. बहुतेक वेळा असं दिसतं की क्रेटमधले शाफ्ट वॉशिंगच्या बास्केटमध्ये ओतले जातात आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या व्यासावर आपटतं. हार्डनिंग व्हायच्या आधीचा जॉब मऊ असतो, त्यामुळे एका ठोक्यातच खूण पडते. ओतणाऱ्या माणसाला दोष देऊ नका. त्याला दिलेल्या वेळात तसंच होणार. उपाय म्हणजे क्रेटमध्ये पार्टिशन, किंवा जॉब उभे राहतील अशी खुंट्यांची बास्केट. आधी एकाच क्रेटवर ट्रायल घ्या.

हा उपाय बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. पार्टिशन घातलं की क्रेटमध्ये १०० ऐवजी ६० जॉब बसतात. शिफ्टला ५८० जॉब असतील तर ६ क्रेटच्या जागी १० लागतात, ट्रॉलीच्या फेऱ्या वाढतात आणि दोन आठवड्यांत कोणीतरी पार्टिशन काढून कोपऱ्यात ठेवतं. हा आकडा आधीच मांडा, ट्रॉलीवाल्या दादांना ट्रायलच्या आधी विचारा, जादा क्रेट कुठून येतील ते ठरवा. मग पुन्हा चार आठवडे तशीच वही. आधीचे चार आणि नंतरचे चार, दोन्ही आकडे हातात असले तरच त्याला सुधारणा म्हणता येतं.

व्यासाच्या दोषाला हात घालू नका म्हणालो, पण तो समजून मात्र घ्या, कारण मोजमाप तिथेच शिकायला मिळतं. ऑपरेटर म्हणतो जॉब ओके, तुमचं टेबल म्हणतं नॉट ओके, आणि भांडण होतं. अशा वेळी मशीनला दोष देण्याआधी तापमान बघा. स्टील दर मीटरला दर अंश सेल्सियसला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ५० मिमी व्यासाचा जॉब मशीनमधून ३५ अंशाला निघाला आणि मोजमापाच्या खोलीत २० अंशाला मोजला, तर फरक जवळपास ९ मायक्रॉनचा पडतो. त्या व्यासाची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) १६ मायक्रॉन असेल तर निम्म्याहून जास्त टॉलरन्स नुसत्या गरमपणात गेली. म्हणूनच कंपॅरेटर (मापातला फरक दाखवणारं गेज) ज्या मास्टरवर (नेमक्या मापाच्या नमुन्यावर) झिरो करतात तो मास्टर मशीनशेजारी, जॉबच्याच तापमानाला ठेवतात. दोघं सारखेच फुगले की फरक वजा होतो. उन्हाळ्यात दुपारच्या शिफ्टला व्यासाची रिजेक्शन वाढते का, हे तुमची वहीच सांगेल.

त्यानंतर गेजची पाळी. मायक्रोमीटरचा झिरो सेटिंग पीसवर रोज बघा, आणि तो रॅचेटनेच फिरवा, नुसत्या बोटांनी आवळू नका. तुमच्या क्वालिटी विभागात गेज आर अँड आर (गेज आणि माणसं किती सारखं मोजतात याची चाचणी) करतातच: १० जॉब, ३ माणसं, प्रत्येकाने २ किंवा ३ वेळा मोजायचं. गेज आणि माणसं मिळून येणारा फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० ते ३० मध्ये काम बघून ठरवायचं, ३० च्या वर असेल तर त्या गेजवरून कोणाशी वाद घालू नये. पुढचा अभ्यास होईल तेव्हा त्या तिघांतला एक माणूस म्हणून मला घ्या, असं सांगा. अप्रेंटिसला यासाठी सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट त्यांना माणूस कमीच पडत असतो.

मशीनपर्यंत कसं पोहोचायचं? "मला मशीन शिकवा" असं म्हणू नका. त्याला सुपरवायझर "बघू" म्हणतो, आणि ते बघणं पुढे कधी होत नाही. नेमकं आणि त्याला परवडेल असं मागा. "सर, आठवड्यातून दोन दिवस शिफ्टच्या पहिल्या तासाला सेटरदादांसोबत फर्स्ट पीसला उभा राहू का? सॉर्टिंग मागे पडू देणार नाही." फर्स्ट पीस म्हणजे सेटिंगनंतर काढून तपासतात तो पहिला जॉब. वेळही बघून विचारा. शिफ्ट बदलताना किंवा लाइन बंद असताना नको, रोजची प्रॉडक्शन मीटिंग आटोपल्यावर. आणि हातात तो पॅरेटो असू द्या. त्याच्या कामाचं काहीतरी आधीच करून आणणाऱ्या मुलाला तासभर देणं त्याला जड जात नाही.

फर्स्ट पीसला उभे राहाल तेव्हा मशीनच्या स्क्रीनवरच्या ऑफसेटच्या (टूलची जागा दुरुस्त करायच्या आकड्यांच्या) पानाकडे लक्ष द्या. टर्निंग सेंटरवर फॅनुक कंपनीचं कंट्रोल असेल तर जॉमेट्री (टूलचं मूळ माप) आणि वेअर (झिजेची दुरुस्ती) अशी दोन वेगळी पानं असतात. रोजची दुरुस्ती वेअरमध्ये करतात. तिथे 'इनपुट' आणि 'प्लस इनपुट' अशा दोन कळा आहेत, आणि नवशिक्याची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. समजा वेअरमध्ये आधीपासून उणे ०.१३५ आहे आणि जॉब ०.०१५ ने मोठा आला. तुम्ही उणे ०.०१५ टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं तर ते आधीच्या आकड्यात मिळवलं जातं, उणे ०.१५० होतं आणि जॉब मापात येतो. 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून नुसता उणे ०.०१५ राहतो, टूल ०.१२० ने मागे सरकतं आणि पुढचा जॉब ०.१३५ ने मोठा येतो. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर रिवर्क होईल, पण उलट्या बाजूने असं होऊन व्यास लहान झाला तर जॉब सरळ स्क्रॅपमध्ये. दशांश चिन्ह विसरणं हा याचाच भाऊ. म्हणून चांगले सेटर आकडा बदलण्याआधी जुना आकडा कागदावर लिहितात आणि बदलल्यावर एकच जॉब काढून मोजतात. तुम्हाला परवानगी मिळेपर्यंत कळ दाबू नका, पण सेटर कुठली कळ दाबतोय आणि का, हे प्रत्येक वेळी विचारा. ऑपरेटर-सेटर मंडळींशी आदराने राहा. पदवी तुमच्याकडे असली तरी इथलं ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि ते नुसतं मागून मिळत नाही. त्यांच्यासोबत चहाला जाणाऱ्याला मिळतं.

मशीनजवळ जायला लागलात की सुरक्षेबद्दल चार गोष्टींवर तडजोड नको. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. चिप्स हाताने ओढायच्या नाहीत, हुक वापरायचा. एअर गन अंगावर किंवा कपड्यांवर मारायची नाही. आणि दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास केलेला असेल तर त्या मशीनवर काम करायला सरळ नकार द्या. "सगळे असंच करतात" हे ऐकायला मिळेल. तरीही नकारच.

सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत लाइनचे आकडे स्वतः काढता यायला हवेत. ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता) हा शब्द फळ्यावर रोज दिसतो, तो एकदा हाताने मांडा. ८ तासांच्या शिफ्टमधून ३० मिनिटं जेवणाची गेली, उरली ४५०. मशीन प्रत्यक्ष चाललं ३६०, म्हणजे उपलब्धता ८० टक्के. सायकल टाइम ९० सेकंद असेल तर ३६० मिनिटांत २४० जॉब व्हायला हवे होते, झाले २१६, म्हणजे वेग ९० टक्के. त्यातले २१० चांगले, म्हणजे क्वालिटी ९७.२. तिन्हींचा गुणाकार ७० टक्के. ताळा करून बघा: २१० गुणिले दीड मिनिट म्हणजे ३१५, भागिले ४५०, पुन्हा ७०. फळ्यावरचा आकडा याहून बराच मोठा असेल तर बहुतेक सायकल टाइम सैल धरलेला असतो किंवा सेटिंगचा वेळ मोजलेला नसतो. हे जाहीरपणे बोलून दाखवायची गरज नाही, पण तुम्हाला ते कळलं पाहिजे. बंद राहिलेली ९० मिनिटं कशात गेली, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळतं मशीनशेजारी उभं राहून.

क्वालिटीच्या कागदपत्रांकडे शेवटच्या तीन महिन्यांत वळा, आधी नको. कंट्रोल प्लॅन, एफएमईए (काय बिघडू शकतं आणि ते किती गंभीर याचा तक्ता), पीपीएपीची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची) फाइल या गोष्टी लाइन पाहण्याआधी वाचल्या तर नुसते तक्ते वाटतात. तुम्ही ज्या डेंटवर काम केलंत तो एफएमईएमध्ये आहे का ते शोधा. असेल तर त्याला किती गुण दिलेत आणि तुमच्या वहीतल्या आकड्यांशी ते जुळतात का, हे पाहा. नसेल तर क्वालिटी इंजिनिअरला दाखवा.

मुलाखतीला गेल्यावर 'अप्रेंटिसशिपमध्ये काय केलं' याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. जॉब कशाचा, मटेरियल कुठलं (ईएन ८ की २० एमएनसीआर ५, म्हणजे स्टीलचा कुठला ग्रेड), ऑपरेशन किती, सायकल टाइम किती, रिजेक्शन किती होतं आणि किती झालं. "टीमवर्क शिकलो" या उत्तराला समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या उमेदवाराला बोलावतो. मात्र ड्रॉइंगचे किंवा जॉबचे फोटो मोबाइलमध्ये घेऊ नका, पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव बाहेर बोलू नका. तो माल ग्राहकाचा आहे, आणि फोटो दाखवणाऱ्या मुलाला पुढची कंपनीही घ्यायला कचरते. टक्केवारी सांगा, तेवढं पुरतं.

आता 'सोडू का' यावर परत येतो. मध्येच सोडलंत तर प्रमाणपत्र नाही आणि हे तीन महिने कुठेच धरले जात नाहीत. म्हणून वहीचे चार आठवडे आणि वर सांगितलेली विनंती, एवढं होईपर्यंत थांबा. एकदा नाही म्हणाले तर महिन्याने पुन्हा विचारा, या वेळी एचआरमध्ये प्रशिक्षण बघणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन. तुमच्या प्रगतीची नोंद ठेवणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. त्या नोंदीत काय लिहिलंय ते बघायला मागा. तिथे 'मशीनिंग' लिहिलेलं असेल आणि तुम्ही टेबलावरच असाल, तर तेच दाखवून बोला, आवाज न चढवता.

दोन परिस्थितींत मात्र नऊ महिने वाट पाहू नका: करार पोर्टलवर नोंदवलेलाच नसेल आणि विचारल्यावर टोलवाटोलवी होत असेल, किंवा इंटरलॉक काढलेल्या मशीनवर तुम्हाला उभं करत असतील. तेव्हाही आधी राजीनामा लिहू नका. आधी सायनच्या मंडळाला ईमेलने लेखी कळवा. करार झाला असेल तर त्याचा क्रमांक, नसेल तर रुजू झाल्याचं पत्र आणि स्टायपेंड जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी सोबत जोडा, आणि त्या ईमेलची प्रत कंपनीच्या एचआरलाही पाठवा.